अनुभव धागा : स्विचमधली प्रायोरिटी, बँडविड्थ आणि आपली डोकेदुखी

पांझराकाठ
आमच्या जिनिंगच्या ऑफिसात नवीन पोरगा लागलाय. हुशार आहे. आज म्हणतो, "दादा, आपल्या पोर्टला प्रायोरिटी ७ देऊन टाकू का, नेट पळेल." (स्विच म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या मशीनच्या नेट केबल जोडणारा डबा, पोर्ट म्हणजे त्याची एकेक खाच, प्रायोरिटी म्हणजे रांगेत कोण पुढे.) हसू आलं आणि धुळ्यातला एक खासगी दवाखाना आठवला, तिथलं नेटवर्क मी पाहायचो.

सकाळी ओपीडी भरली की इंटरकॉमवर आवाज तुटायचा. वॉर्डातून सिस्टर ओरडायच्या, "हॅलो... रक्ताची... हॅलो?" सगळे फोनला शिव्या घालायचे. फोन बिचारा किती मागतो? जी.७११ (नेटवरून आवाज पाठवायची एक पद्धत) चा एक कॉल म्हणजे एका बाजूने जेमतेम ८७ केबीपीएस. पण त्याच वेळेला सीटी स्कॅनच्या शेकडो एमबीच्या फायली मागच्या इमारतीतून पुढच्या इमारतीत यायच्या, आणि मधली लिंक १०० एमबीपीएसची. फोन दर २० मिलिसेकंदाला एक छोटं पॅकेट टाकतो. ते सीटीच्या ढिगाऱ्यामागे उभं राहिलं की आवाज गेला.

गंमत म्हणजे फोन आपल्या पॅकेटवर डीएससीपी ४६ चा शिक्का (हा आवाज आहे, पुढे सोडा असं सांगणारा आकडा) स्वतःच मारत होता. स्विचमध्ये ट्रस्ट (आलेला शिक्का मानायची सेटिंग) बंद, त्यामुळे तो शिक्का कोणी वाचतच नव्हतं, सगळा माल एकाच रांगेत. दोन्ही टोकांच्या स्विचवर ट्रस्ट डीएससीपी केलं, ४६ ला स्ट्रिक्ट रांग दिली (कायम आधी सुटणारी), बाकीच्यांना वेटेड राउंड रॉबिन (ठरलेल्या वाट्याने आळीपाळीने). आवाज खणखणीत. सीटीवाल्यांना तर कळलंही नाही काही बदललंय.

नेट एका बिटानेही वाढलं नव्हतं. कोणी थांबायचं एवढंच ठरलं. तुमचे किस्से टाका.

भुसावळकर
पोराला सांग भो, ७ नंबर स्विच आपसात बोलतात त्यासाठी सोडायचा. आवाजाला ५. आणि सगळ्याच पोर्टांना ७ दिला तर सगळेच व्हीआयपी, मग दर्शनाची रांग परत तेवढीच.

तापीवरची
@पांझराकाठ १०० ची लिंक का होती पण? दोन्हीकडे गिगाबिट स्विच असतील ना?

पांझराकाठ
होते. केबल जुनी, उंदरांनी कुरतडलेली. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चार पुरतात. एक जोडी गेली की स्विच मुकाट्याने १०० वर उतरतो, लाईट हिरवाच. पुढे केबल बदलली, तरी क्यूओएस (ही कोणी आधी जायचं ती व्यवस्था) राहू दिलं.

खानदेशी_खाट्या
आमना घरमा ७ नंबर मायना शे. तिनी सिरियल लागनी का बाकीसनं नेट गोल 😂

केळीवाला
सावद्याजवळ केळी पिकवायचं रायपनिंग चेंबर आहे आमचं. कॅमेरे लावले, मालक पुण्याहून मोबाईलवर बघणार. वायरलेस लिंकवर सगळा भार. ट्रक लागले की ई-वे बिल निघेना, ड्रायव्हर शिव्या घालत उभे.
बसवणाऱ्याने एनव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) पोर्टवर रेट लिमिट ८ एमबीपीएस टाकलं. बिल निघायला लागलं, पण चित्र गोठायचं, चौकोन चौकोन दिसायचे. का, तर आमच्या त्या स्विचचं इनग्रेस (आत येणाऱ्या मालावरचं) लिमिट म्हणजे जास्तीचं पॅकेट सरळ फेकून देणं. तो त्याला थोपवून धरत नाही, मारतो. व्हिडीओ तर धक्क्याधक्क्याने येतो, आय फ्रेम (अख्खं चित्र) आली की एकदम लोंढा. सरासरी ५ असली तरी त्या क्षणाला ८ ओलांडतोच.
शेवटी कॅमेऱ्यातच जाऊन एच.२६५ (व्हिडीओ जास्त दाबून लहान करायची पद्धत) केलं, बिटरेट उतरवला, मोबाईलला सबस्ट्रीम (त्याच कॅमेऱ्याचं हलकं चित्र) दिला. लिमिट काढून टाकलं. आता दोन्ही चालतं. पाणी मोटारीवरच कमी करायचं, बांधावर नाही.

असोदेकर
यातलं काही कळलं नाही, पण सावदा वाचून भरीत आठवलं. थंडी कधी पडते एकदाची.

केळीवाला
ये की. वांगी बामणोदची, शेतातच काट्यांवर भाजू.

असोदेकर
बामणोदची?? असोद्याच्या माणसाला हे सांगतोस? 😤

भुसावळकर
वाद नको. दोन्ही आणा, मी कळण्याची भाकरी घेऊन येतो.

नंदुरबारी मिरची
कॉलेजची लॅब. ऑनलाइन परीक्षा, पोरं बसलेली आणि सगळी लॅब ठप्प. सर म्हणे परीक्षेच्या सर्व्हरला प्रायोरिटी द्या. दिली. घंटा. एका टेबलाखाली कोणीतरी केबलची दोन्ही टोकं एकाच छोट्या स्विचमध्ये खोचली होती, साफसफाई करताना "सुटलेली" वाटली म्हणून. ब्रॉडकास्टचं वादळ, तीच पॅकेटं गोल गोल फिरत वाढत राहिली. सगळ्या पोर्टांचे दिवे एकत्र, एका लयीत फडफडत होते, तेच बघून पकडलं. असले दिवे दिसले की आधी लूप (अशी गोल जोडलेली केबल) शोधा, क्यूओएसला हात नका लावू. आता लूप प्रोटेक्शन आणि स्टॉर्म कंट्रोल चालू आहे.

मेहरूणची ताई
पतसंस्थेत आहे मी. सगळं नीट लावून दिलं एका माणसाने, काउंटरच्या मशीनना प्राधान्य वगैरे. मे महिन्यात रात्री लाईट गेली, यूपीएस झोपला, सकाळी आलो तर स्विच कोरा. त्याने सेव्ह केलंच नव्हतं! चालू असते ती रनिंग कॉन्फिग (सेटिंग), सेव्ह केल्यावर स्टार्टअप, हे मला त्या दिवशी कळलं. माणूस फोन उचलेना. समोर ग्राहक, आणि आमचा शिपाई म्हणतो ताई मशीन उलटं करून बघा 😑

भुसावळकर
उलटं करून 😂😂

तापीवरची
ताई, कॉन्फिगची फाईल उतरवून ठेवत जा. पेनड्राइव्हवर एक, मेलवर एक. नावात तारीख टाकायची म्हणजे कोणती ताजी ते कळतं.

मेहरूणची ताई
ठेवलीय आता. आणि तो स्विच पत्र्याच्या खोलीतून आत आणला. बाहेर ४५, पत्र्याखाली किती असेल. हात लावला तर तव्यासारखा.

अमळनेर_वर्क_फ्रॉम_होम
कोणीतरी माझं पण बघा. भाऊ लग्नाच्या शूटिंगचे व्हिडीओ अपलोडला लावतो आणि माझ्या मीटिंगमध्ये मी पुतळा. मुद्दाम मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच घेतला, माझ्या पोर्टला हाय, त्याच्या पोर्टला लो. काडीचा फरक नाही. लाईन ३० ची आहे.

पांझराकाठ
नाहीच पडणार. तुझ्या स्विचचे पोर्ट गिगाबिटचे, ३० एमबीपीएसला तिथे रांगच लागत नाही, मग पुढे-मागे कोणाला करणार? रांग लागते राउटरच्या पुढे, कंपनीच्या डब्यात. तिथे तुझा शिक्का कोणी बघत नाही. रांग घरात आण. राउटरमध्ये क्यूओएस असेल तर अपलोड लाईनच्या थोडं खाली बांध, २७ वगैरे. मग गर्दी तुझ्या राउटरमध्ये होईल आणि तिथे मीटिंगला पुढे काढता येईल.

तापीवरची
आणि स्पीड टेस्ट भाऊ अपलोड करत असताना घे. रिकाम्या लाईनवर सगळ्यांचंच छान दिसतं. पिंग (पॅकेट जाऊन परत यायचा वेळ, मिलिसेकंदात) बघ, किती उडते.

अमळनेर_वर्क_फ्रॉम_होम
अपलोड चालू असताना पिंग ४०० च्या वर जाते आहे. स्वयंपाक झाला की करते.

असोदेकर
शनिवार धरू का? वांगी मी आणतो, असोद्याची.

केळीवाला
आण. तेल आणि हिरव्या मिरच्या माझ्याकडे.

नंदुरबारी मिरची
मिरच्या माझ्याकडून, नाव काय उगाच ठेवलंय.

अमळनेर_वर्क_फ्रॉम_होम
केलं!! २७ वर बांधलं, लॅपटॉपला सगळ्यात वर. अपलोड चालू असताना पिंग ३५. मैत्रिणीला व्हिडीओ कॉल लावून बघितला, एकदा पण अडकला नाही. भाऊ विचारतोय, लाईन स्लो झाली का आज? कंपनीला फोन लावायला निघालाय. सांगितलेलं नाही अजून 🙈