मदत हवी आहे: जुनी विंडोज एक्सपी व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालूच होत नाही

राजेहो, मी दारव्हा तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये हिशेबाला आहे. काटापट्टीचं (गाडीच्या वजनाच्या पावतीचं) आमचं सॉफ्टवेअर एक्सपीवरच चालतं. त्या डब्ब्याचा मदरबोर्ड गेला, पण हार्ड डिस्क शाबूत होती. तिची व्हीएचडी फाइल (अख्ख्या डिस्कची नक्कल) बनवून नव्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्सला (संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) जोडली. लोगो येतो, खालची पट्टी दोन-तीन फेऱ्या मारते अन् निळी स्क्रीन. 'स्टॉप', पुढे शून्यंच शून्यं, शेवटी ७बी. रॅम वाढवून पाहिली, फाइल दुसऱ्यांदा बनवली, तेच. सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) होऊन वेचणी लागली, गाड्या उभ्या राहतात आणि मी हातानं पट्ट्या फाडतोय. व्हीएम (तो आभासी संगणक) बनवताना यादीत विंडोज ७ निवडलं होतं (वाटलं, नवं ते बरं). स्टोरेजमध्ये 'साटा, एएचसीआय' (डिस्क जोडायची नवी पद्धत) दिसतं.

प्रतिसाद १
भाऊ, फाइल बरोबर असावी, घोळ कंट्रोलरचा (डिस्क ज्याला जोडतात त्या भागाचा) आहे. विंडोज ७ निवडलं म्हणून साटा मिळाला. एक्सपी २००१ ची, तिच्यात एएचसीआयचा ड्रायव्हरच नाही. सुरुवातीला बायोस (संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्राम) डिस्क वाचून देतं म्हणून लोगो दिसतो. पुढे विंडोज स्वतः वाचायला जाते तेव्हा तिला डिस्कच सापडत नाही. व्हीएम पूर्ण बंद करा, साटावरून डिस्क काढा (फाइल पुसली जात नाही, घाबरू नका), आयडीई (जुन्या पद्धतीचा) कंट्रोलर जोडा, प्रकार पीआयआयएक्स४, आणि डिस्क प्रायमरी मास्टरला लावा. आधी फाइलची एक कॉपी ठेवा.

धागाकर्ता
पर्याय सगळे फिके दिसत होते. मशीन 'सेव्ह' करून ठेवलं होतं, म्हणून. ती सेव्ह स्थिती टाकून दिली, आयडीई केलं अन् चालू झालं बाप्पा! कालची १७ नंबरची पट्टीसुद्धा टाकली. आता वेगासाठी साटावर नेऊ का? आमच्याकडे लाईन कधीही जाते.

प्रतिसाद २
हंगाम संपेपर्यंत हात लावू नका, पट्ट्या छापायला आयडीई भरपूर झालं. पुढे न्यायचंच असेल तर आधी साटावर एक छोटी रिकामी डिस्क जोडा, एक्सपीत इंटेलचा एएचसीआय ड्रायव्हर बसवा आणि मगच मुख्य डिस्क हलवा. लाईनचं मात्र आजच बघा. आयडीई कंट्रोलरवर 'होस्ट आय/ओ कॅशे'ची टिक मुळातच असते. म्हणजे लिहिलेलं आधी नव्या मशीनच्या रॅममध्ये थांबतं, तेवढ्यात लाईन गेली की शेवटच्या पट्ट्या गेल्या. टिक काढा. थोडं हळू चालेल. आणि मशीन इन्व्हर्टरवर घ्या, भाऊ.