‘नमपाय २ पेक्षा कमी’ अशी अट लायब्ररीने घालावी का?

खटपट्या
नमपाय म्हणजे पायथनची आकडेमोडीची लायब्ररी. ती वापरणाऱ्या दुसऱ्या लायब्ररीने अशी अट घालावी का, यावरून ऑफिसात रोज वाजतं, म्हणून इथे टाकतोय. माझं मत आधीच सांगतो: पायथनची लायब्ररी लिहिणाऱ्याने डिपेन्डन्सीला (आपण ज्यावर अवलंबून आहोत त्या लायब्ररीला) खालची मर्यादा जरूर घालावी, वरची घालू नये. ‘किमान अमुक व्हर्जन हवं’ हे मी तपासून सांगू शकतो. ‘पुढचं चालणार नाही’ हे मात्र अजून न आलेल्या व्हर्जनबद्दलचं भाकीत झालं.

नोडमध्ये (जावास्क्रिप्टच्या जगात) एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन्स एका प्रोजेक्टात सुखाने नांदतात. पायथनच्या एका एन्व्हायर्नमेंटमध्ये (एकत्र बसवलेल्या पॅकेजांच्या संचात) नमपाय एकच. एका पॅकेजने ‘दोनच्या खाली’ म्हटलं आणि दुसऱ्याने ‘दोन किंवा वर’, की वापरणारा मधल्या मध्ये लटकतो. वर पिपचा, म्हणजे पॅकेज बसवणाऱ्या टूलचा, आगाऊपणा आहेच. २०२० च्या अखेरीस २०.३ मध्ये नवा रिझॉल्व्हर (कोणती व्हर्जन्स एकमेकांशी जुळतात ते ठरवणारा भाग) आला, तेव्हापासून तो जुळणारं काही मिळेपर्यंत मागे मागे जातो. तुम्ही अट आज घातलीत, पण वर्षापूर्वीच्या तुमच्याच व्हर्जनमध्ये ती नव्हती. पठ्ठ्या गुपचूप तेच आणून बसवतो. नमपाय २ शी जमत नाही म्हणून अट घातली आणि हाती आलं त्याहून जुनं, ज्याचं तर अजिबातच जमत नाही.

ॲप्लिकेशनची गोष्ट निराळी. तिथे लॉक फाइल (प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन लिहिलेली) करा आणि शेवटच्या अंकापर्यंत सगळं पक्कं करा, माझी ना नाही.

शून्यापासून_मोजा
असहमत. जून २०२४ विसरलात का? नमपाय २.० आलं, २००६ च्या १.० नंतरचं पहिलं मोठं व्हर्जन. पांडाज (नमपायवर उभी असलेली तक्त्यांची लायब्ररी) २.०.३ ला वरची मर्यादा नव्हती. त्या दिवसापासून नुसत्या पिपने ते बसवलं की सोबत नमपाय २ येतं आणि इम्पोर्टच्या ओळीवरच रडतं: डीटाइपचा (आकड्यांचा प्रकार सांगणाऱ्या रचनेचा) आकार बदललाय, ९६ हवा होता, ८८ मिळाला. उलट पांडाज २.२.१ मध्ये ‘२ पेक्षा कमी’ लिहिलेलं होतं, त्याला काही झालं नाही. पायपीआयवर (पिप जिथून पॅकेजं आणतो त्या साठ्यावर) एकदा चढवलेल्या फाइलचा मेटाडेटा (त्यातल्या अटी वगैरे) नंतर बदलता येत नाही, म्हणजे ते २.०.३ कायमचं तसंच.

भोगणार कोण? एखादी एमएस्सीची विद्यार्थिनी. सिनियरने दिलेली रिक्वायरमेंट्स फाइल तिने चालवली. त्यात पांडाजचं व्हर्जन पक्कं होतं, नमपायचं नावसुद्धा नव्हतं. तिला जाऊन सांगा लॉक फाइलचं तत्त्वज्ञान.

खटपट्या
उदाहरण खरं आहे, पण ते तुमच्या बाजूने जात नाही. पांडाजमध्ये कम्पाइल केलेला भाग आहे. नमपाय १.x धरून कम्पाइल केलेली बायनरी २ वर चालणार नाही हे नमपायवाल्यांनी २.० येण्याआधीच जाहीर केलं होतं, आणि सी एपीआय (सी भाषेतून नमपायशी थेट बोलायची सोय) वापरणाऱ्यांनी मर्यादा घालावी असंही सांगितलं होतं. तुटणार हे पक्कं माहीत असताना घातलेली मर्यादा मला मान्य आहे. (२.० वर बांधलेलं व्हील, म्हणजे तयार पॅकेज, १.x वरही चालतं, त्यामुळे सुटकेची वाटही त्यांनी ठेवली होती. हे काम खरंच नेटकं झालं.) माझा विरोध शुद्ध पायथन लायब्ररीत ‘असू दे, बरी असते’ म्हणून घातलेल्या मर्यादेला.

आणि मोठ्या अंकावर इतका भरवसा कशाला? एनपी.फ्लोट (पायथनच्या फ्लोटचं नमपायमधलं दुसरं नाव) आठवा. १.२० मध्ये, जानेवारी २०२१ ला, इशारा आला, १.२४ मध्ये, डिसेंबर २०२२ ला, ते काढूनच टाकलं. व्हर्जनमधला पहिला १ तसाच राहिला आणि ढिगाने कोड ‘असं ॲट्रिब्यूट नाही’ म्हणत आडवा झाला. ‘दोनच्या खाली’ लिहिणारे सगळे त्यात होते.

चौकटराजा
मग ‘१.२४ च्या खाली’ लिहायचं होतं. :)

खटपट्या
@चौकटराजा, नमपाय साधारण सहा महिन्यांनी नवं व्हर्जन काढतं. एक आकडा वाढवायला दर वेळी मीही रिलीज काढू? तुम्ही या मदतीला.

आकडेमोड
तुम्ही दोघं ओरडणाऱ्या बिघाडांवर भांडताय. मला भीती न ओरडणाऱ्याची.

२.० मध्ये प्रकार ठरवायचे नियम बदलले (नेप ५० या नमपायच्या प्रस्तावानुसार). फ्लोट३२ म्हणजे ३२ बिटांचा दशांश आकडा, फ्लोट६४ त्याच्या दुप्पट जागेचा आणि जास्त अचूक. फ्लोट३२ चा एक सुटा आकडा आणि पायथनचा साधा ३.० यांची बेरीज आधी फ्लोट६४ यायची, आता फ्लोट३२ येते. एरर नाही, काही नाही. रोजच्या पावसाचे आकडे कोणी लूपमध्ये असे मिळवत बसलं असेल, तर वर्षाच्या बेरजेत शेवटचे अंक निमूट गळतात. उलट्या दिशेनेही गंमत आहे: फ्लोट३२ च्या ॲरेत फ्लोट६४ चा एक आकडा मिसळला की आता उत्तराचा अख्खा ॲरे फ्लोट६४, म्हणजे मेमरी दुप्पट. विंडोजवर डीफॉल्ट पूर्णांक ३२ बिटचा ६४ झाला तो वेगळाच. युइंट८ मध्ये (२५५ पर्यंतच मावणाऱ्या पूर्णांकात) ३०० मिळवलं तर निदान ओव्हरफ्लोची एरर येते, तिचे उपकार.

रफ या कोड तपासणाऱ्या टूलचा एनपीवाय२०१ नियम बदललेली नावं दुरुस्त करून देतो. हे असलं काही त्याला दिसत नाही. इम्पोर्ट झालं म्हणून चाललं असं समजणाऱ्या लेखकापेक्षा ‘२ वर मी तपासलेलं नाही’ म्हणून दार बंद ठेवणारा मला परवडतो.

खटपट्या
हा मुद्दा जड आहे. पण यावर उपाय टेस्ट हाच ना? जाहीर केलेल्या सर्वांत जुन्या व्हर्जनवर एकदा आणि नमपायच्या नाइटली बिल्डवर (अजून न आलेल्या व्हर्जनच्या कच्च्या प्रतीवर) एकदा. यूव्हीला (पिपसारखंच एक टूल) सांगितलं तर तो मुद्दाम जुनी व्हर्जन्स निवडतो, त्यामुळे खालचं टोक तपासणं आता सोपं झालंय. उत्तरांची तुलना टॉलरन्स (किती फरक चालेल ते) ठरवून करा आणि डीटाइपही तपासा. तो कोणीच तपासत नाही.

शून्यापासून_मोजा
पगारी टीमला हे ठीक. रात्री जेवणानंतर एकट्याने लायब्ररी सांभाळणारा नाइटलीचे लाल दिवे कधी बघणार? आणि कोंडा-फोर्जवाल्यांना (पॅकेजांचा दुसरा साठा) जुन्या पॅकेजचा मेटाडेटा मागाहून दुरुस्त करता येतो, तशी सोय पिपकडे नाही. मर्यादा मागाहून सैल करायला एक नवं व्हर्जन पुरतं, पण जुन्या व्हर्जनवर ती मागाहून घालता येत नाही. राहिला तुमचा पिप मागे जाण्याचा मुद्दा, तर मर्यादा पहिल्याच व्हर्जनपासून घाला, म्हणजे त्याला मागे जायला जागाच नाही. नवीन लायब्ररी काढतोय, तिथे मी हेच करणार आहे.