पळवाट म्हणणं पटलं नाही

वरती कुणीतरी लिहिलंय की संकटात देवाचा धावा म्हणजे जबाबदारीतून पळवाट, हे मला अजिबात पटत नाही. १६३० च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको भुकेने गेली, धंदा बुडाला, तरी वाटणीला आलेली कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडली असं सांगतात, म्हणजे विठ्ठलावर भरवसा ठेवून उलट दुसऱ्यांना मोकळं केलं ना.

२०२० मध्ये माझे बाबा अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. आई पहाटे दिवा लावून पाच मिनिटं डोळे मिटून बसायची आणि मग वहीतले नंबर घेऊन इंजेक्शनसाठी फोन लावत सुटायची, त्या वर्षी पादुकासुद्धा एसटीने पंढरपूरला गेल्या, वारी चुकल्याचं तिला फार लागलं पण हात काही थांबले नाहीत तिचे.