‘गोल फिरवा, दमवा, लंगडला की विश्रांती’ याला ट्रेनिंग म्हणायचं?

लगामढिली:
काल इथे एकांनी लिहिलं की होलिस्टिक ट्रेनिंग, म्हणजे घोड्याची पाठ, खूर, सॅडल सगळं एकत्र बघून शिकवणं, हे वेळ असलेल्या लोकांचं खूळ आहे. घोडा लाँजवर (लांब दोरीवर गोल फिरवायला) घ्या, साइड रेन्स (तोंडापासून जिनाच्या बाजूंना बांधायचे पट्टे) आखूड बांधा, मान आपोआप खाली येते, घाम निघेपर्यंत फिरवा, आणि लंगडला तर विश्रांती द्या, व्हेट कशाला आहे. वाचून झोप लागली नाही, म्हणून मोठं लिहितेय.

मान खाली येणं आणि पाठ वर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो! घोड्याला कॉलरबोन नसतं. पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेलेच नाहीत, छाती दोन खांद्यांच्या मध्ये नुसत्या स्नायूंवर तोललेली असते. उभ्या घोड्याचं जवळपास 60 टक्के वजन पुढच्या पायांवर, आणि त्यात आपण वर बसतो. ते स्नायू कमजोर असले की छाती खाली बसते, पुढचे पाय जमिनीवर आपटायला लागतात आणि मार खातात टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि सांधे. साइड रेन्सने नाक छातीला लावून यातलं काय मजबूत होतं सांगा. घोडा मान मधेच मोडतो, पाठ ताठ धरतो, मागचे पाय मागेच रेंगाळतात. लांबून मात्र ‘गोल’ दिसतो आणि बघणारे खूश. जबरदस्तीने मान अशी आत ओढून ठेवणं एफईआयने, म्हणजे घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, 2010 मध्येच अमान्य केलंय, ते काय उगाच?

आणि घाईचं काय? स्नायू काही आठवड्यांत भरतात, टेंडन आणि हाडांना कित्येक महिने लागतात. म्हणजे घोडा फिट दिसायला लागतो नेमका तेव्हाच आतलं सगळं मागे असतं, आणि आपण खूश होऊन कँटर (मध्यम दौड) वाढवतो. मणक्यांच्या ग्रोथ प्लेट्स (हाड जिथून वाढतं ते थर) तर पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत पूर्ण बंद होत नाहीत, आणि लोक दोन वर्षांच्या शिंगरावर जीन कसतात. लंगडणं ही शेवटची पायरी आहे. त्याआधी घोडा कितीतरी दिवस सांगत असतो.

अबलख:
मीच लिहिलं होतं, नाव घ्यायला घाबरू नका. तुम्ही एकच घोडा सांभाळता, त्याच्याशी तासभर गप्पा मारत चालता, छान आहे. आमच्याकडे दिवसभर नवशिके बसतात, लगामाला लोंबकळतात, पाठीवर धपाधप आदळतात. लाँजवर थोडा दमवल्याशिवाय तो घोडा पोराखाली द्यायचा कसा? पोरगं पडलं तर उत्तर मला द्यायचंय. आमचा एक म्हातारा वीस वर्षांच्या पुढे गेला तरी रोज ट्रॉट (दुडकी चाल) करत होता, आयुष्यभर गोलच फिरला. त्याला कुणी कॉलरबोन शिकवलं नव्हतं.

आणि होलिस्टिकच्या नावाखाली काय काय विकतात ते बघा. चुंबकाचे पट्टे, दगड, ऊर्जा. पुरावा द्या, मग बोला.

लगामढिली:
चुंबकाचे पट्टे मी पण जवळ येऊ देत नाही. पुरावा हवाय ना? 2011 चा अभ्यास आहे, घोड्यांच्या हालचालींवर संशोधन करणाऱ्या हिलरी क्लेटन त्यात होत्या. 8 घोडे, 3 महिने, स्वारीचं काम बंद. गाजर दाखवून मान छातीकडे, बरगडीकडे, पुढच्या खुरांकडे वळवायचे व्यायाम, आठवड्यातून 5 दिवस. मणक्याला धरून ठेवणारा मल्टिफिडस स्नायू अल्ट्रासाउंडवर मोठा झालेला दिसला. घोडे आठच आहेत, मान्य. पण वर कुणी न बसता, न दमवता झालंय हे.

दुसरं, घोड्यांच्या लंगडण्यावर काम करणाऱ्या व्हेट सू डायसन यांची 2018 ची यादी. स्वारीखाली घोडा दाखवतो अशा 24 खुणा: कान मागे, शेपूट झटकणं, तोंड उघडं, टक लावलेली नजर, सॅडल एका बाजूला सरकणं. 8 किंवा जास्त दिसल्या तर दुखणं असण्याची शक्यता बरीच. तुमचा ‘आळशी’ घोडा आणि ‘चिडका’ घोडा या यादीसमोर उभा करून बघा.

तुमचा म्हातारा टिकला, आनंद आहे. जे लवकर गेले ते तबेल्यात दिसत नाहीत म्हणून मोजले जात नाहीत, एवढंच म्हणते.

रिकीब:
सॅडलबद्दल कुणी बोलणार आहे का नाही? आमच्या घोडीला उजवा कँटर लीड (कँटरमध्ये उजवा पुढचा पाय पुढे टाकणं) मिळत नव्हता. ट्रेनर म्हणाले नाठाळ आहे, काठी धरा. शेवटी सॅडल उलटं करून बघितलं तर पॅनल (खालची गादी) एका बाजूला दबलेलं आणि ट्री (आतला सांगाडा) अरुंद, खांद्याच्या मागे पांढरे केस यायला लागलेले. ट्री बदलल्यावर आपोआप लीड घेतला. कितीही शोल्डर-इन (खांदे आत वळवून चालवायचा व्यायाम) करा, खांदा हलायला जागाच नसेल तर काय उपयोग!

खुरपाऊल:
सगळे वरवरचं बोलताय. मूळ खुरात आहे, नाल काढा. घोडा टाचेवर उतरला पाहिजे, खूर जरा पसरला पाहिजे, फ्रॉगला (तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाला) जमीन लागली पाहिजे, धक्का तिथे जिरतो. लोखंड ठोकलं की ते पसरणं कमी होतं आणि आपटल्याचा हादरा वर सांध्यात जातो. घोड्यांवर लिहिणाऱ्या ग्रीक झेनोफोनच्या काळात, म्हणजे ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात, घोडे बिननालीच होते. तो सांगून गेलाय की दगडांवर उभे करा, खूर कडक होतात. आमच्या घोड्याचे नाल काढले, वर्षभरात टाच रुंद झाली, अडखळणं थांबलं. मी तर म्हणते नाल ठोकणारे स्वतःच्या सोयीसाठी ठोकतात.

जुनाजाणता:
बाई, मी नालबंद आहे. वडीलही हेच करायचे. ‘स्वतःच्या सोयीसाठी’ हे शब्द मागे घ्या, मग पुढे बोलू. लॅमिनायटिसचा (खुराच्या आतल्या थरांना सूज आलेला) घोडा, तळवा पातळ, खडीवर एक पाऊल टाकवत नाही, त्याला काय सांगू, झेनोफोन वाच म्हणून? बिननालीच्या हौसेपायी तळव्यात पू झालेले घोडे माझ्याकडे येतात, तीन पायांवर.

खुरपाऊल:
आणि नाल वेळेवर न बदलल्यामुळे टो (खुराचं पुढचं टोक) लांबलेले घोडे कुणाकडे येतात? टो लांब, टाच बसकी, खूर उचलायला उशीर, पायामागच्या डीप फ्लेक्सर टेंडन आणि नेव्हिक्युलरवर (खुरातल्या छोट्या हाडावर) ताण. हे लोखंडाखालीच घडतं.

जुनाजाणता:
हे लोखंडाने नाही घडत, मालकाने घडतं. सहा आठवड्यांनी बोलवा म्हटलं की तीन महिन्यांनी फोन येतो. तोपर्यंत खूर महिन्याला 6 ते 10 मिलिमीटर वाढत राहतो, नालासकट पुढे सरकतो. बिननालीचा खूर तासला नाही तर त्याचाही टो असाच लांबतो. तुमचा घोडा सुधारला तो नाल काढल्याने का नीट तासल्याने, ते आधी वेगळं करून दाखवा.

अबलख:
पहिल्यांदा कुणीतरी कामाचं बोललं.

खुरपाऊल:
वेगळं करता येत नाही कारण दोन्ही एकदमच केलं. पण ‘सोयीसाठी’ सगळ्यांना लागू नाही, तेवढं घ्या मागे. प्रत्येक घोड्याला जन्मभर लोखंड हवंच हे मात्र मी मानणार नाही.

जुनाजाणता:
मीही मानत नाही. माझ्याकडचे निम्मे फक्त तासायला येतात. तुम्ही विचारलंच कुठे?

लगामढिली:
खूर, सॅडल, पाठ हे वेगळे धागे नाहीतच, माझं म्हणणं तेच आहे. रिकीब यांच्या घोडीला ट्रेनरने नाठाळ ठरवलं, कारण सॅडल बघणं हे त्याचं काम नाही असं त्याला वाटलं. टाच दुखणारा घोडा पाऊल आखूड टाकतो, आखूड पावलाने खांदे आखडतात, मग पाठ ताठ, मग स्वार म्हणतो बिट (तोंडातली लगामाची कडी) ऐकत नाही आणि कडक बिट घालतो. शेवटी व्हेट पाठीत इंजेक्शन देतो आणि खूर तसाच राहतो.

अबलख, तुम्हाला घोडा पोराखाली शांत हवाय, ही गरज खरी आहे. पण दमलेला घोडा सुरक्षित नसतो, अडखळतो. साइड रेन्स काढा, निदान नाक कपाळाच्या पुढे राहील इतक्या सैल करा. पहिली दहा मिनिटं मोठ्या वर्तुळावर नुसती चाल, मग जमिनीवर आडवे बांबू टाकून त्यावरून चालवा, सारखी दिशा बदला. छोट्या वर्तुळात सतत एकाच बाजूला पळवलं की आतल्या पायाच्या सांध्यांवर तिरका भार येतो. तुमचा वेळ तेवढाच जाईल.

अबलख:
बांबू टाकायला माणूस लागतो. असो, साइड रेन्स सैल करून बघतो, नवशिक्यांच्या आधी, दोन घोड्यांवर. पोरं उडाली तर इथेच येऊन लिहीन. आणि दोन वर्षांच्या शिंगरावर जीन मी कधीच टाकली नाही, सगळं माझ्या माथी मारू नका. लिपिझानर जातीचे स्टॅलियन (नर घोडे) साधारण चार वर्षांचे झाल्यावर काम सुरू करतात आणि विशीतही शोमध्ये असतात, एवढं मलाही माहीत आहे.

लगामढिली:
मग काल तसं का नाही लिहिलंत!

रिकीब:
सॅडलबद्दल अजूनही कुणी बोललं नाही.

जुनाजाणता:
बोलू. खुरपाऊल बाई, तुमच्या घोड्याचा व्हिडिओ टाका. कडक सपाट जमीन, नुसती चाल, कॅमेरा खुराच्या उंचीवर, बाजूने, स्लो मोशन. टाच आधी टेकते का टो ते बघू. नंतर ट्रॉटचा समोरून. ट्रॉटमध्ये पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगल्यावर खाली येतं, चालीत लपलेलं तिथे दिसतं.

खुरपाऊल:
उद्या सकाळी टाकते. अबलख, तुम्हीही एक टाका, साइड रेन्स काढून.