एकाच रिपोर्टवर थेट टेस्ट ट्यूब करायला सांगतायत, काय करू? मदत हवी आहे

खाडीकाठ:

देवगड तालुक्यातल्या एका गावात राहतो. माझं वय ३४, बायकोचं ३०. लग्नाला पाच वर्षं होतील. पहिलं दीड वर्ष आम्हीच थांबलो होतो, नंतरची तीन-साडेतीन वर्षं प्रयत्न चालू आहेत. गावात कुणाला विचारायची सोय नाही, एकाला विचारलं की संध्याकाळी जेटीवर सगळ्यांना कळतं. म्हणून इथे लिहितोय.

आजवर सगळं तिचंच झालं. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एएमएच (अंड्यांचा साठा दाखवणारी रक्ततपासणी), सोनोग्राफ्या. फॉलिक्युलर स्टडीला, म्हणजे अंडं कसं वाढतंय ते सोनोग्राफीत बघायला, एकेका पाळीत चार-चार वेळा कणकवलीची एसटी धरली तिने. पाच महिने अंडं तयार व्हायच्या लेट्रोझोलच्या गोळ्या घेतल्या. नळ्या मोकळ्या आहेत का बघायचा एक्स-रे, एचएसजी, झाली त्या दिवशी टेबलावरून उठली तेव्हा ओठ पांढरेफटक पडले होते आणि परतताना तळेरे येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. तिचे रिपोर्ट सगळे चांगले आहेत. एएमएच २.८, दोन्ही नळ्या मोकळ्या, पाळी २९ दिवसांनी. इतकं सगळं होईपर्यंत माझी वीर्याची एक साधी तपासणी कुणी सांगितली नाही आणि मीही कधी विचारलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

जुलैच्या शेवटी नवीन डॉक्टरांनी ती करायला लावली. नमुना घरीच घेतला, डबी शर्टाच्या आत छातीशी धरली आणि भर पावसात मोटारसायकलवर मित्रामागे बसून लॅबला गेलो. जायला सव्वा तास, तिथे नंबर लागायला अजून अर्धा. काउंट, म्हणजे शुक्रजंतूंची संख्या, मिलीलिटरला ४ मिलियन (४० लाख) आणि त्यांची हालचाल १२ टक्के आली. तो कागद घेऊन कोल्हापूरच्या एका सेंटरला गेलो, तर दहा मिनिटांत सांगितलं, इक्सीच (टेस्ट ट्यूबचाच एक प्रकार) करावी लागेल, येत्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी सुरू करू. १ लाख ८० हजार, इंजेक्शनं वेगळी, निम्मे पैसे आधी. मला कुणी तपासलंसुद्धा नाही.

मी ट्रॉलरवर इंजिन बघतो. तंबाखू आहे. जूनच्या अखेरीला आठ दिवस तापाने आडवा होतो, १०३ पर्यंत जायचा. याचा काही संबंध असतो का? इक्सीच लागते की आधी आययूआय (वीर्य नळीने गर्भाशयात सोडतात ते) करून बघावं? पैसे मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत संपलेत, कर्ज काढावं लागेल.

आणि दुसरं म्हणजे घरात अजून हिलाच बोलतात. गणपतीत काका दरवर्षी गाऱ्हाणं घालतात, "सुनेची कूस उजव रे म्हाराजा," आणि ही मागे हात जोडून उभी असते. माझा रिपोर्ट फक्त आम्हा दोघांना माहीत आहे. आईला कसं सांगू?

रत्नागिरीची ताई:

दादा, आधी ते पैसे भरू नका. माझी मुलगी इक्सीनेच झाली, त्यामुळे त्या उपचाराविरुद्ध मी बोलत नाही. पण एका रिपोर्टवर कुणी हा निर्णय घेऊ नये, आणि तुमचा रिपोर्ट तर भरवशाचाच नाही. नमुना तासाभराच्या आत तपासायला घ्यावा लागतो. तुमचा पावणेदोन तासांनी घेतला, तेवढ्यात हालचाल मंदावतेच. त्यात तो ताप. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणजे जूनचा मोठा ताप जुलैच्या आकड्यात दिसणारच. सप्टेंबर अखेरीला पुन्हा तपासा. २ ते ७ दिवसांचं अंतर ठेवा आणि नमुना लॅबमध्येच द्या. लाज वाटते, माझ्या नवऱ्यालाही वाटली होती, पण तिथे वेगळी खोली असते. १६ मिलियनच्या वर काउंट आणि ४२ टक्क्यांच्या वर हालचाल असली की ठीक धरतात.

तोवर यूरॉलॉजिस्टना दाखवा. व्हेरिकोसील म्हणजे अंडकोशाच्या शिरा फुगलेल्या आहेत का, हे ते हातानेच तपासून सांगतात. एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन ही हार्मोन्स रक्तातून बघतील. कुणी ताकदीसाठी म्हणून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन दिलं तर अजिबात घेऊ नका, त्याने काउंट उलट खाली जातो, अगदी शून्यावरही. तंबाखू आजच बंद. इंजिनाजवळची उष्णताही वाईट, जमेल तेवढं वर येऊन बसत जा.

आययूआय की इक्सी, हे लॅबमध्ये धुतलेल्या, म्हणजे चांगले शुक्रजंतू वेगळे काढलेल्या नमुन्यात हलणारे किती उरतात त्यावर ठरतं. ५ मिलियनच्या वर असतील तर तीनेक वेळा आययूआय करून बघण्यात अर्थ आहे, खर्च फार कमी असतो. यश दर वेळी शंभरात दहा-पंधरा जोडप्यांना, हे मनाशी धरूनच जा. अगदीच कमी असतील तर इक्सी, त्यात एका अंड्यात एकच शुक्रजंतू सुईने सोडतात. तुमच्या बायकोचं वय ३० आहे, एएमएच चांगलं आहे, दोन-तीन महिने थांबल्याने काही बिघडत नाही. पस्तिशीच्या पुढे असती तर मी हे म्हटलं नसतं.

सेंटरला जाल तेव्हा २०२१ च्या एआरटी (टेस्ट ट्यूबसारख्या उपचारांच्या) कायद्याखालचं नोंदणीपत्र बघायला मागा. लेव्हल १ वाले फक्त आययूआय करू शकतात, आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब) आणि इक्सीला लेव्हल २ लागतं. यश विचाराल तेव्हा "पॉझिटिव्ह किती", म्हणजे गर्भ राहिल्याच्या चाचण्या किती, असं विचारू नका. हिच्या वयाच्या शंभर बायकांनी उपचार सुरू केले तर किती मुलं घरी गेली, ते विचारा. आम्ही हे विचारलं नव्हतं आणि पहिल्या वेळी फसलो. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात या उपचारांची सोय २०२३ मध्ये सुरू झाली आहे. सिंधुदुर्गातून बाकीच्या आजारांना लोक जातातच, तिथल्या ओपीडीत महाराष्ट्रातल्यांसाठी काय नियम आहे ते विचारून या.

आजगावकर काकू:

बाळा, आईला आकडे सांगत बसू नकोस. बायको समोर असताना एवढंच सांग, की हिच्यात काही नाही, औषध मला चालू आहे. आणि ते गणपतीच्या आधी सांग.

खाडीकाठ:

उशिरा लिहितोय, माफ करा. दसऱ्यानंतर बोट सलग बाहेर होती.

दुसरा रिपोर्ट लॅबमध्ये बसून दिला. काउंट १३ मिलियन, हालचाल ३४. अजून कमीच आहे, पण ४ आणि १३ मध्ये किती फरक आहे ते तुम्हाला कळेल. डाव्या बाजूला व्हेरिकोसील निघालं, ऑपरेशनचं डॉक्टर अजून ठरवतायत, आधी आययूआय करू म्हणाले. तंबाखू सुटून ५२ दिवस झाले.

आईला चतुर्थीच्या चार दिवस आधी सांगितलं. नारळ सोलत होती, थांबली. "माका आदी कित्याक सांगलंस नाय?" एवढंच म्हणाली आणि उठून आत बायकोकडे गेली. आत काय बोलणं झालं ते दोघींनी मला सांगितलेलं नाही. गणपतीत काकांनी नेहमीसारखी सुरुवात केली तर आईने मधेच अडवलं, "झिलाचा (मुलाचं) नाव आदी घे."

ताई, आता एक विचारायचं आहे. आययूआयच्या दिवशी नमुना तिथेच देऊन धुवायला किती वेळ लागतो? बोटीवरून एक दिवसाची सुट्टी पुरेल की दोन सांगू? आणि बांबोळीला सकाळचा नंबर धरायचा तर सावंतवाडीहून किती वाजता निघावं लागतं, कुणी गेलंय का?