शब्दचर्चा : 'प्रायमरी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : अमेरिकेत मुख्य निवडणुकीआधी प्रत्येक पक्षाचा उमेदवार ठरवायला मतदान होतं, त्या 'प्रायमरी'साठी मराठी बातम्यांत 'प्राथमिक निवडणूक', 'पक्षांतर्गत निवडणूक', क्वचित 'पूर्वनिवडणूक' असे शब्द दिसतात. तिथे मतदान करणारी मराठी माणसं काय म्हणतात? अर्थाला जवळचा शब्द कुठला?

प्रतिसाद : बोलताना आम्ही 'प्रायमरी'च म्हणतो. पण पुण्याच्या मावशीने विचारलं, "अगं, निवडणूक नोव्हेंबरात ना? मग मार्चमध्ये कसलं मतदान?" तेव्हा मी सांगितलं, "तिकीटवाटप चाललंय, आणि ते आम्ही मतदारच करतोय." तिला लगेच कळलं.

'प्राथमिक' मला पटत नाही. एकांकिका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत सगळे संघ एकाच स्पर्धेत असतात. इथे प्रत्येक पक्षाची प्रायमरी वेगळी असते. 'पक्षांतर्गत' म्हटलं की वाटतं, पदाधिकाऱ्यांनी बंद खोलीत मतदान केलं. माझ्या मॅसॅच्युसेट्समध्ये कुठल्याच पक्षात नाव न नोंदवलेला मतदारही केंद्रावर जाऊन हव्या त्या एका पक्षाची मतपत्रिका मागून घेऊ शकतो. न्यूयॉर्कमध्ये ते चालत नाही, आधी पक्षाकडे नोंद लागते. म्हणून मी 'उमेदवारीची निवडणूक' म्हणेन. लांब आहे, पण खरं आहे.

मतपत्रिकेवरच्या नावांना 'उमेदवार' म्हणण्यापेक्षा आपल्या बातम्यांतला 'इच्छुक' जास्त चपखल. आपल्याकडे इच्छुकांच्या मुलाखती होतात, एबी फॉर्म कुणाच्या हाती पडतो याची शेवटच्या दिवसापर्यंत धाकधूक असते, आणि मतदाराला नाव कळतं ते सगळं ठरल्यावर. गंमत म्हणजे 'उमेद' हा फारसी शब्द, अर्थ आशा. जुन्या मराठीत नोकरी मिळेल या आशेवर दुसऱ्याच्या हाताखाली राबणारा तो उमेदवार. त्या अर्थाने हे सगळे उमेदवारच!

आता शब्दामागचा अनुभव सांगते. ३ मार्च २०२० ला आमच्याकडे डेमोक्रॅटिक प्रायमरी होती. मला आमच्याच राज्याच्या सिनेटर एलिझाबेथ वॉरन मनापासून हव्या होत्या. कर्जं आणि क्रेडिट कार्डं यांत सामान्य ग्राहक कसा नाडला जातो, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी मांडत नव्हतं. पण २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाची प्रायमरी बायडन यांनी जिंकली, पाठोपाठ बुटिजेज आणि क्लोबुचर या दोन इच्छुकांनी माघार घेऊन त्यांना पाठिंबा दिला. दोघांची नावं मतपत्रिकेवर तशीच राहिली होती. मैत्रिणी म्हणायला लागल्या, "मत वाया घालवू नकोस, ट्रम्पना कोण हरवेल ते बघ."

'निवडून येण्याची क्षमता' हा आपल्याकडे पक्षश्रेष्ठींचा ठेवणीतला निकष. तिकीट द्यायचं काम मतदाराकडे आलं की तो निकषही त्याच्या मानगुटीवर बसतो. मग आपल्याला कोण हवं हे बाजूला राहतं आणि अटीतटीच्या पेनसिल्व्हेनियातल्या मतदाराला कोण चालेल याचा अंदाज आपण बांधत बसतो. मला हे मान्य नाही. बेरजा-वजाबाक्या करायला नोव्हेंबर आहे. मनातलं नाव सांगायची हीच वेळ. मी वॉरन यांच्यापुढचा गोल भरला. आपल्याच राज्यात त्या तिसऱ्या आल्या आणि ५ मार्चला बाहेर पडल्या. तरी ते मत वाया गेलं असं मी म्हणणार नाही. डेमोक्रॅटिक पक्षाच्या नियमात १५ टक्क्यांचा उंबरठा ओलांडणाऱ्याला मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे) मिळतात, आणि वॉरन यांनी तो आमच्या राज्यात ओलांडला होता.

प्रश्नकर्ता : 'इच्छुक' पटला! पण तुमच्याकडच्या मतपत्रिकेवर 'नो प्रेफरन्स' असाही पर्याय असतो ना? त्याला 'नोटा' म्हणावं का?

प्रतिसाद : नको. आपल्याकडे २०१३ पासून असलेल्या 'नोटा'ने कुणी निवडून येत नाही, नोंद फक्त नाराजीची होते. इथे त्या पर्यायाची मतं उंबरठा ओलांडून गेली तर त्यांच्याही वाट्याला प्रतिनिधी येतात. मिशिगनमध्ये २०२४ ला गाझा युद्धाच्या निषेधार्थ एक लाखाहून अधिक जणांनी तिथल्या मतपत्रिकेवरच्या 'अनकमिटेड' या तशाच पर्यायाला मत दिलं, आणि त्या मतांचे दोन प्रतिनिधी पक्षाच्या अधिवेशनाला गेले. मी 'नो प्रेफरन्स'ला 'पसंती नाही' आणि 'अनकमिटेड'ला 'कुणालाही न बांधलेलं मत' म्हणेन. दुसऱ्यासाठी याहून सुटसुटीत शब्द कुणाला सुचत असेल तर जरूर सुचवा.