मदत हवी आहे: रिअ‍ॅक्टसाठी डेट पिकर (तारीख निवडायचं कॅलेंडर), मराठी महिन्यांसह

रिअ‍ॅक्ट १८ (वेब पानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) आणि टाइपस्क्रिप्टमध्ये खोली बुकिंगचा फॉर्म करतोय. 'पासून-पर्यंत' अशी तारखांची जोडी एकाच कॅलेंडरवर निवडता यायला हवी, शिवाय दिवस/महिना/वर्ष या क्रमाने हाताने टाइपही करता यायला हवी. काउंटरवरची माणसं माउसला हात लावत नाहीत.

आधी ब्राउझरचाच तारखेचा इनपुट वापरला. मोबाइलवर झकास, पण तारीख कशी दिसावी हे ब्राउझर ठरवतो आणि जोडीसाठी दोन रकाने लागतात. एमयूआय या रिअ‍ॅक्ट लायब्ररीचा रेंज पिकर (तारखांची जोडी निवडायचा) सशुल्क परवान्यात येतो, बजेट शून्य. सध्या रिअ‍ॅक्ट-डे-पिकर या मोफत कॅलेंडरवर आहे: रेंज छान चालते, पण टाइप करायचा रकाना आपणच बांधायचा.

महिन्यांची नावं इंटलमधून (भाषेप्रमाणे तारखा-आकडे दाखवायची जावास्क्रिप्टची सोय) 'एमआर-आयएन' हा भारतातल्या मराठीचा कोड देऊन काढली. त्यात आकडे देवनागरी येतात, आम्हाला चालतील. टोआयएसओस्ट्रिंगमुळे (तारीख यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत लिहिणारं फंक्शन) तारीख एक दिवस मागे जात होती (आपली मध्यरात्र म्हणजे यूटीसीत आदल्या दिवशीचे १८:३०), ते निस्तरलंय. त्यावर उत्तरं नकोत!

प्रश्न एवढाच: टाइपिंग, रेंज आणि मराठी लोकेल (भाषेची सेटिंग) तिन्ही सांभाळणारा मोफत कंपोनंट (तयार भाग) कुणी प्रत्यक्ष वापरलाय का, की रकाना स्वतःच लिहावा?